तारा कोणत्या, त्याआधी चावा कसा?

डॉक्टरांनी मुलीच्या हातात आरसा दिला आणि म्हणाल्या, "दाढांवर दाढा टेकव बघू. घट्ट." तिने टेकवल्या, आणि खालचे पुढचे चारही दात दिसेनासे झाले. वरच्या दातांनी ते पार झाकून टाकले होते. मग तिला 'आ' करायला लावून त्यांनी टाळूवर उजेड धरला. पटाशीच्या दातांच्या मागे, हिरडीला लागून, दोन लालसर खुणा होत्या. प्रत्येक घासाला खालचे दात तिथे टोचत होते. समोरून पाहिलं तर पोरीचे दात अगदी एका ओळीत. आम्ही तिला नेलं होतं ते दाढ किडली म्हणून.

दातांना तारा लावायच्या म्हटलं की आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो: मेटल, सिरॅमिक की त्या पारदर्शक अलाइनर? गेल्या तीन वर्षांत मुलीचे, मग भाच्याचे आणि सोसायटीतल्या दोघांचे उपचार जवळून पाहिले आणि माझं मत पक्कं झालं की हा प्रश्न तिसरा आहे. चावा नेमका कुठे चुकतोय हा पहिला, आणि उपचार कोण करणार हा दुसरा. या दोन्हींची उत्तरं मिळाली की तारांचा प्रकार बऱ्याचदा आपोआप ठरतो. खर्चाचाही अंदाज येतो.

फाइलवरचं 'क्लास टू'

फाइलवर 'क्लास टू' लिहिलेलं पाहून घाबरू नका, ती काही आजाराची पायरी नाही. अमेरिकेतल्या एडवर्ड अँगल यांनी १८९९ मध्ये वरची आणि खालची पहिली कायमची दाढ एकमेकींवर कशी बसते यावरून तीन गट पाडले. तेच आजही चालतात. क्लास वनमध्ये दाढा जागच्या जागी असतात, फक्त पुढे गर्दी किंवा फटी असतात. क्लास टूमध्ये खालची दाढ मागे राहिलेली असते, त्यामुळे वरचे दात पुढे येतात किंवा माझ्या मुलीसारखा खोल चावा होतो. क्लास थ्री म्हणजे खालचा जबडा पुढे. याखेरीज वरची दाढ खालच्या दाढेच्या आत बसणं, त्याला क्रॉसबाइट म्हणतात. आणि दाढा मिटल्या तरी पुढच्या दातांत फट उरणं, म्हणजे ओपन बाइट. अंगठा चोखायची सवय बरीच वर्षं टिकलेल्या मुलांत ही फट अनेकदा दिसते. ती सवय सुटली नाही तर कितीही महागड्या तारा लावा, फट पुन्हा उघडते.

दोष दातांत आहे की जबड्याच्या हाडात, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. हाडातला दोष वाढीच्या वयात बराच सुधारता येतो. खालचा जबडा मागे असेल तर साधारण १० ते १३ या वयात 'ट्विन ब्लॉक' नावाच्या वर-खाली दोन प्लेट देतात. वरचा जबडा मागे राहिला असेल तर त्याहून लहानपणी, ७ ते ९ या वयात, चेहऱ्यावर लावायचं फेसमास्क देतात. वय निघून गेलं की दोनच वाटा उरतात: दात हलवून दोष झाकायचा, नाहीतर जबड्याची शस्त्रक्रिया. खासगी रुग्णालयात ती लाखांच्या घरात जाते. म्हणून मूल सात वर्षांचं झालं की एकदा तज्ज्ञाला चावा दाखवून आणावा. तपासणीला तीनशे ते पाचशे रुपये पडतात. पुष्कळदा डॉक्टर "आता काही नको, दोन वर्षांनी या" एवढंच सांगतात, तरी ते पैसे फुकट गेले असं समजू नका.

ट्विन ब्लॉकचा खर्च दहा ते वीस हजार, आणि तो तारांच्या खर्चात धरलेला नसतो. प्लेट झाल्यावर तारा बहुधा लागतातच. दोन टप्पे असतील तर दोन्हींचे पैसे पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

दवाखान्यात कोण, कोणत्या वारी?

दात सरकवणं ही वेगळी विद्या आहे. बीडीएसनंतर याच विषयात तीन वर्षांचं एमडीएस केलेल्या डॉक्टरांना ऑर्थोडॉन्टिस्ट म्हणतात. सरकारी महाविद्यालयांतल्या पाटीवर 'दंतव्यंगोपचार' असा शब्द दिसेल. नुसतं 'एमडीएस' वाचून थांबू नका, कारण एमडीएस दातांच्या इतर शाखांमध्येही असतं. महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडची नोंदणी आणि विषय, दोन्ही विचारा. विचारल्यावर चांगल्या डॉक्टरांना राग येत नाही, हा माझा अनुभव आहे.

गल्लीतल्या बऱ्याच दवाखान्यांत ऑर्थोडॉन्टिस्ट बाहेरून येतात, महिन्यातून एक किंवा दोन वार. यात गैर काही नाही. माझ्या भाच्याचे उपचार असेच झाले आणि छान झाले. पण त्या डॉक्टरांचं नाव काय, वार कोणता आणि मधल्या दिवसांत तार गालात घुसली तर ती कोण कापणार, हे आधी कळायला हवं. भाच्याची तार गणपतीच्या दुसऱ्या दिवशी निसटली होती. तज्ज्ञ यायला अकरा दिवस होते. दवाखान्यातल्या नेहमीच्या डॉक्टरांनी टोक कापून दिलं आणि त्याचे पैसे घेतले नाहीत, कारण हे आम्ही पहिल्या दिवशीच बोलून ठेवलं होतं.

आता प्रकार

खाली दिलेले आकडे खासगी दवाखान्यांतले, दोन्ही जबड्यांचे आणि ढोबळ आहेत. पुण्या-मुंबईत ते वरच्या टोकाला, तालुक्याच्या गावी खालच्या टोकाला.

साध्या मेटलच्या तारा पंचवीस ते पन्नास हजारांत होतात. चावा सुधारण्याच्या कामात त्यांना करता येत नाही असं फारसं काही नाही. खोल चावा, उपदाढा काढून दात मागे घेणं, क्रॉसबाइट, वेडेवाकडे फिरलेले सुळे, सगळं त्यांच्यावर होतं. सुरुवातीला निकेल-टायटॅनियमची लवचीक तार घालतात, मागाहून स्टीलची. खोट्या दागिन्यांनी मुलीच्या कानाला पुरळ येत असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, निकेल दोन्हीकडे असतं.

सिरॅमिकच्या तारांना चाळीस ते पंच्याहत्तर हजार पडतात. त्या दाताच्या रंगाच्या असल्याने लांबून कळत नाहीत. पण जाहिरातीच्या फोटोत न दिसणारी एक गोष्ट आपल्या स्वयंपाकघरात आहे: हळद. दातावर चिकटवलेला सिरॅमिकचा तुकडा, म्हणजे ब्रॅकेट, पिवळा पडत नाही, त्यावर तार बांधणारं पारदर्शक रबर पडतं. सोसायटीतल्या एका मुलीने सोमवारी रबरं बदलली आणि बुधवारच्या आमटीने ती पिवळीधमक झाली. पुढची भेट चार आठवड्यांनी. लग्न ठरलेली, नोकरीत रोज लोकांसमोर उभी राहणारी माणसं सिरॅमिक घेतात आणि ते मी समजू शकते. पण हे आधी माहीत असावं.

खोल चाव्याच्या रुग्णाला आणखी एक धोका आहे. सिरॅमिक दाताच्या आवरणाहून कठीण असतं. खालच्या दातांवर सिरॅमिक लावलं आणि वरचे दात त्यावर घासत राहिले तर वरच्या दातांची झीज होते, आणि ती भरून येत नाही. म्हणून अनेक डॉक्टर वर सिरॅमिक आणि खाली मेटल असा मेळ घालतात. हसताना वरचेच दात दिसतात, पैसेही वाचतात. माझ्या मुलीला मात्र दोन्हीकडे मेटलच लावलं. तिने स्वतःच रंगीत रबरं निवडली, दर महिन्याला वेगळा रंग.

सेल्फ-लायगेटिंग म्हणजे तारेला धरून ठेवणारं झाकण तुकड्यातच असलेला प्रकार. त्याला रबर लागत नाही. खर्च साठ हजार ते एक लाखाच्या आसपास. भेटी थोड्या लांब अंतराने पडतात, बाहेरगावाहून येणाऱ्याला त्याचा खरा फायदा होतो. दात घासणंही थोडं सोपं जातं. मात्र 'सहा महिने लवकर होईल' या वचनावर जास्तीचे पैसे मोजू नका. साध्या तारांशी तुलना करणाऱ्या अभ्यासांत तसा ठळक फरक सापडलेला नाही. आणि त्याला कारण आहे. दात सरकतो तेव्हा त्याच्या एका बाजूचं हाड विरघळतं आणि दुसऱ्या बाजूला नवं तयार होतं. या कामाला शरीर आपला वेळ घेतं, महिन्याला साधारण एक मिलिमीटर. उपदाढेची रुंदी सुमारे सात मिलिमीटर. ती काढून झालेली जागा भरायलाच सहा-सात महिने जातात. त्याआधी ओळ सरळ करणं, नंतर चावा बसवणं धरलं की दीड ते दोन वर्षं होतातच. ब्रॅकेट सोन्याचं असलं तरी हाड घाई करत नाही.

दाताच्या आतल्या बाजूने लावायच्या लिंग्वल तारांचा खर्च सव्वा लाखापासून पुढे. बाहेरून काहीही दिसत नाही. जिभेला पहिले काही आठवडे त्रास होतो, 'स' आणि 'श' बोबडे येतात. करणारे तज्ज्ञ थोडे आहेत. शिक्षक, निवेदक, गाणारी माणसं यांनी नीट विचार करावा.

अलाइनरबद्दल जरा जास्त

अलाइनर म्हणजे पारदर्शक प्लास्टिकच्या साच्यांची मालिका. दर आठवड्या-दोन आठवड्यांनी पुढचा साचा चढवायचा. भारतीय कंपन्यांचे साधारण पन्नास हजार ते दीड लाख, परदेशी कंपन्यांचे दीड ते साडेतीन लाख. जाहिराती त्यांच्याच जास्त, म्हणून चौकशीही त्यांचीच जास्त.

ज्या कामाला ती योग्य आहेत तिथे ती उत्तम आहेत. थोडी गर्दी, लहान फटी, पूर्वी तारा लावून नंतर दात जागेवर धरणारा रिटेनर न वापरल्याने पुन्हा सरकलेले दात. तज्ज्ञ अनुभवी असेल तर याहून अवघड कामंही होतात. पण गोल सुळा जागेवर फिरवणं, दात खाली ओढून आणणं, चार उपदाढा काढून जागा भरणं, ही कामं प्लास्टिकला जड जातात. हाडाचा दोष तर नुसत्या अलाइनरने जात नाही. अशा वेळी डॉक्टर दातांवर छोटे उंचवटे चिकटवतात, दोन दातांच्या मध्ये थोडं घासतात, कधी शेवटचे काही महिने साध्या ताराही लावतात. त्यांचे पैसे पॅकेजमध्ये आहेत का, हे विचारा. मालिका संपूनही चावा बसला नाही तर नव्या साच्यांची दुसरी मालिका लागते. ती किती वेळा फुकट मिळेल, हेही लिहून घ्या.

आणि दिवसाचे २० ते २२ तास ती तोंडात हवीत. जेवताना काढायची, ब्रश करून पुन्हा घालायची. गरम चहाने प्लास्टिकचा आकार बिघडतो, म्हणून चहालाही काढायची. दिवसातून सहा वेळा चहा घेणाऱ्या माझ्या शेजाऱ्यांनी लाखभर रुपये भरले आणि दुसऱ्या महिन्यात डॉक्टरांनी सांगितलं, साचे बसतच नाहीयेत, तुम्ही पुरेसा वेळ घालत नाही. त्यांनी चहा दोनवर आणला आणि काम मार्गी लागलं. चहा सुटणार नसेल त्याने तारा घ्याव्यात, असं मी स्पष्ट सांगते.

घरी येऊन किंवा टपालाने माप घेणाऱ्या, डॉक्टरांकडून प्रत्यक्ष तपासणी न करणाऱ्या योजनांपासून दूर राहा. हिरड्या आणि हाड एक्स-रेशिवाय कळत नाहीत. अमेरिकेत 'स्माइलडायरेक्टक्लब' या कंपनीने याच धर्तीवर मोठा व्यवसाय उभा केला आणि डिसेंबर २०२३ मध्ये तो बंद पडला. लोक उपचाराच्या मध्यावर अडकले, आणि हप्त्यांवर घेतलेल्यांनी उरलेले हप्ते भरावेत असंही कंपनीने सांगितलं. आपल्याकडे 'बिनव्याजी हप्ता' म्हणून जो कागद पुढे येतो तो पुष्कळदा वित्त कंपनीचा कर्ज करार असतो. उपचार थांबले तरी कर्ज थांबत नाही. सही करण्याआधी धनको कोण ते वाचा. दवाखान्यालाच दर भेटीला थोडे थोडे पैसे देण्याची जुनी पद्धत त्यापेक्षा कितीतरी सुरक्षित आहे.

पस्तीस हजारांचे एकोणपन्नास

मुलीसाठी आम्ही तीन ठिकाणी विचारलं. पहिल्या ठिकाणी मेटलचे पस्तीस हजार सांगितले, दुसऱ्या ठिकाणी पंचेचाळीस, तिसऱ्या ठिकाणी अलाइनर सुचवली, एक लाख दहा हजार. मी अर्थातच पहिल्याकडे झुकले होते. मग घरी वही घेऊन बसले आणि फोन करून एकेक बाब विचारली.

पहिल्या ठिकाणी दोन एक्स-रे, म्हणजे ओपीजी आणि बाजूने काढायचा सेफ, वेगळे: १,२०० रुपये. सुरुवातीचं दात साफ करणं १,५००. काढाव्या लागल्या तर चार उपदाढा, प्रत्येकी १,००० प्रमाणे ४,०००. तुकडा निघाला तर चिकटवायचे प्रत्येक वेळी ३००. दोन वर्षांत पाच निघतील असं धरून १,५००. शेवटचे रिटेनर ६,०००. बेरीज ४९,२००. दुसऱ्या ठिकाणच्या पंचेचाळीस हजारांत हे सगळं धरलेलं होतं. आम्ही दुसरीकडे गेलो. उपदाढा काढायची वेळ शेवटी आलीच नाही, पण आली असती तरी आकडा तोच राहिला असता.

काहींना मध्येच हाडात बारीक स्क्रू बसवावे लागतात, त्याचे प्रत्येकी तीन ते पाच हजार होतात. तेही विचारून ठेवा. सगळं एका कागदावर, सही-शिक्क्यानिशी घ्या, त्यात बदलीमुळे गाव सोडावं लागलं तर किती पैसे परत, हेही असू द्या. एक्स-रे आणि साच्यांच्या प्रती मागून घ्या. आरोग्य विम्यात अपघात सोडला तर दातांचा खर्च बहुधा मिळत नाही, तेव्हा त्यावर भिस्त ठेवू नका. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच स्पष्ट केलं आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला जिल्हा आयोगात शुल्क लागत नाही. पण तिथे पावती आणि तो कागदच कामाला येतो.

वहीत न येणारा खर्चही धरा. दीड-दोन वर्षांत वीसेक फेऱ्या होतात. बुलढाण्याहून छत्रपती संभाजीनगरला यायचं तर एसटीचं भाडं, बुडालेला रोज आणि मुलाची बुडालेली शाळा मिळून तारांइतकाच खर्च होऊ शकतो. अशा घरांनी जवळच्या गावात नियमित येणारा तज्ज्ञ शोधावा, तो दोन-चार हजारांनी महाग असला तरी. आणि चिक्की, ऊस, सुपारी, दातांनी फोडायची बोरं, कडक चकली बंद. भाजलेलं कणीस दाणे सोलून खायचं. निघालेला प्रत्येक तुकडा म्हणजे एक जादा फेरी.

सरकारी महाविद्यालय: कुणी, केव्हा

मुंबईत सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जेसच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय, मुंबई सेंट्रलचं महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय महाविद्यालयं, गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय. इथे तारा खासगीच्या मानाने अगदी थोड्या पैशांत होतात. खासगी दंत महाविद्यालयं या दोन्हींच्या मध्ये, साधारण पंधरा ते पंचवीस हजारांत.

काम एमडीएसचे विद्यार्थी करतात, पण दर पायरीला प्राध्यापक तपासतात. दर्जाची काळजी मला वाटत नाही. काळजी वेळेची आहे. यादी असते, भेटी सकाळी कामाच्या वारी असतात, एका भेटीला अर्धा दिवस जातो. एक गोष्ट जरूर करा: ज्यांच्याकडे तुमची केस दिली जाते ते कोणत्या वर्षाला आहेत ते विचारा. अभ्यासक्रम तीन वर्षांचा. तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याकडे केस गेली तर मध्येच ती दुसऱ्याकडे जाईल आणि काही महिने लांबेल. पहिल्या वर्षाचा विद्यार्थी बहुधा सुरुवातीपासून शेवटपर्यंत सोबत राहतो. भाच्याच्या वर्गातल्या एका मुलाच्या वडिलांनी, ते रिक्षा चालवतात, नेमकं हेच विचारून केस लावून घेतली आणि बावीस महिन्यांत काम पूर्ण झालं.

तारा निघाल्यावर

तारा निघाल्या त्या दिवशी मुलीने आरशात पाहून पुन्हा दाढा टेकवल्या. खालचे दात दिसत होते. टाळूवरच्या खुणा तर कधीच्या गेल्या होत्या. डॉक्टरांनी खालच्या दातांच्या मागे बारीक तार चिकटवली आणि वरच्यांसाठी पारदर्शक रिटेनर दिला. पहिले काही महिने जेवण सोडून पूर्ण वेळ, नंतर रोज रात्री, पुढे वर्षानुवर्षं. दात आपल्या जुन्या जागी परतू पाहतात, खोल चावा तर विशेषच. सोसायटीतल्या ज्या दोघांचे उपचार मी पाहिले त्यातल्या एकीचे हे दुसऱ्यांदा होते, कारण कॉलेजात असताना तिने रिटेनर घालणं सोडून दिलं होतं. पहिल्या वेळी खर्च झाले होते अठ्ठावीस हजार, दुसऱ्या वेळी बहात्तर.

रिटेनर हरवतात ते बहुतेक जेवणाच्या टेबलावर, कागदी रुमालात गुंडाळून ठेवल्यामुळे. मुलीचा हॉटेलात डोशाच्या ताटाबरोबर गेला. नव्याचे अडीच हजार पडले, आणि तो हातात यायला पाच दिवस लागले. आता तिच्या दप्तराच्या बाहेरच्या कप्प्यात एक लाल डबी असते आणि रिटेनर तोंडात नसेल तेव्हा फक्त त्या डबीतच असतो.